हार्विचला जाणारा ई३२: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडहून स्वतःच्या गाडीने नेदरलँड्स-जर्मनीकडे निघालेली मराठी कुटुंबे, एसेक्समध्ये नुकतेच राहायला आलेले विद्यार्थी आणि नकाशे वाचायची आवड असलेली मंडळी कोलचेस्टर–हार्विच रस्त्याबद्दल तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ई३२ म्हणजे नेमका कोणता रस्ता?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचे कोलचेस्टर हे शहर आणि हार्विच हे बंदर यांना जोडणारा आंतरराष्ट्रीय मार्ग. लांबी सुमारे ३० किलोमीटर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एसेक्स परगण्यातच आहे. हार्विचहून नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंडला गाड्या आणि माणसे नेणारी मोठी जहाजे, म्हणजे फेरी, सुटतात, म्हणून हा तुकडा युरोपच्या रस्त्यांच्या जाळ्यात आला.

२. आम्ही हार्विचपर्यंत गेलो, पण ई३२ ची पाटी कुठेच दिसली नाही. रस्ता चुकला होता का?

नाही, रस्ता बरोबरच होता. ब्रिटनमध्ये ई क्रमांकाच्या पाट्या कुठेच लावलेल्या नाहीत. युरोपात हिरव्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत ई३०, ई२५ असे लिहिलेले दिसते, तसे काही इथे दिसणार नाही. गोंधळात भर म्हणजे ब्रिटनमधल्या प्रमुख रस्त्यांचे दिशाफलकही हिरवेच असतात, पण त्यांच्यावर पिवळ्या अक्षरांत ए१२, ए१२० असे देशांतर्गत क्रमांक असतात. हिरवा रंग पाहून ई क्रमांक शोधू नका.

३. मग रस्ता ओळखायचा कसा?

‘ए१२०’, ‘हार्विच’ आणि फेरीचे चिन्ह, या तीन खुणा लक्षात ठेवा.

लंडनकडून येत असाल तर लंडनभोवतीच्या एम२५ या महामार्गाच्या २८ व्या जंक्शनवर ए१२ पकडा. चेल्म्सफर्ड आणि कोलचेस्टर मागे टाकल्यावर २९ वे जंक्शन येते, त्याला क्राउन इंटरचेंज म्हणतात. इथे बाहेर पडून हार्विच आणि क्लॅक्टनच्या दिशेने ए१२० ला लागा. सुरुवातीचा भाग दुभाजकाचा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मार्गिकांचा आहे. हेअर ग्रीनपाशी ए१३३ फुटतो आणि क्लॅक्टनला जाणारी बरीचशी वाहतूक तिकडे वळते. तुम्ही ए१२० सोडू नका.

तिथून पुढे रस्त्याचा स्वभाव बदलतो. दुभाजक संपतो, दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका उरते, दोहों बाजूंना शेते लागतात. हॉर्सली क्रॉसचा गोल चौक, मग विक्स गावाला वळसा, मग रॅम्झी. कितीतरी जणांना नेमके इथेच वाटते की आपण कुठेतरी खेड्यात शिरलो, बंदराचा रस्ता हा नसणार. तुमच्या पुढेमागे मोठे ट्रेलर असतील, तर तेही बहुतेक बंदराकडेच चाललेले असतात. शेवटच्या गोल चौकांवर ‘हार्विच इंटरनॅशनल’ आणि जहाजाचे चिन्ह असलेली पाटी पाहून वळा. तिथे सरळ गेलात तर जुन्या हार्विच गावात पोहोचाल. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

वेगमर्यादा: मोटारींसाठी दुभाजकाच्या भागात ताशी ७० मैल आणि एकेरी मार्गिकेच्या भागात ६०. जिथे वेगळी पाटी असेल तिथे ती पाळायची. साडेसात टनांवरच्या मालगाड्यांना एकेरी भागात ५० चीच मर्यादा आहे, म्हणून त्यांच्यामागे रांग लागते. ओव्हरटेक करण्याच्या नादाला लागू नका. वाचणारी मिनिटे अगदी थोडी असतात, आणि समोरून बोटीतून उतरलेली, उजवीकडून गाडी चालवायची सवय असलेली माणसे येत असतात.

४. हा क्रमांक युरोपियन युनियनने दिला का? ब्रेक्झिटनंतर तो रद्द झाला का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही. ई मार्गांचे जाळे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या अखत्यारीत आहे. आयोगाचे कार्यालय जिनिव्हात आहे. पहिला जाहीरनामा १६ सप्टेंबर १९५० चा, म्हणजे युरोपियन युनियनच्या कितीतरी आधीचा. आजची क्रमांकपद्धती १५ नोव्हेंबर १९७५ च्या करारातून आली आणि तो करार १९८३ मध्ये अमलात आला. या जाळ्यात रशिया, तुर्कस्तान, कझाकस्तान हेही देश आहेत. ब्रिटन संघातून बाहेर पडला म्हणून या यादीतला एकही रस्ता पुसला गेला नाही.

ब्रेक्झिटने बदलले ते कागदपत्रांचे आणि सीमातपासणीचे नियम. ते प्रश्न ११ मध्ये आहेत.

५. ३२ हाच आकडा का?

पश्चिम-पूर्व जाणाऱ्या मार्गांना सम आकडे आणि उत्तर-दक्षिण मार्गांना विषम आकडे, हा मूळ नियम. पश्चिम-पूर्व मुख्य मार्ग शून्यावर संपतात आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात: ई१०, ई२०, ई३०, ई४०. त्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या मार्गांना मधले आकडे मिळतात. ई३० आणि ई४० यांच्या मधला म्हणून ई३२. याच पट्ट्यातला ई३४ बेल्जियमच्या किनाऱ्यावरून जर्मनीत जातो.

नियमाला अपवाद आहेत. स्वीडन-नॉर्वेमध्ये ई४ आणि ई६ हे जुने आकडे तसेच ठेवले आहेत. पण ई३२ च्या बाबतीत नियम तंतोतंत पाळला आहे.

६. ब्रिटनने पाट्या का लावल्या नाहीत?

करारातल्या मार्गांना पाट्या लावणे हे प्रत्येक देशाच्या हातात असते आणि ब्रिटनने ते कधी केले नाही. ब्रिटनची स्वतःची रस्ताक्रमांक पद्धत १९२० च्या दशकापासून लोकांच्या अंगवळणी पडली आहे. लंडनपासून निघणाऱ्या ए१, ए२ वगैरे रस्त्यांनी देशाचे विभाग पाडले आहेत. ए१ च्या पूर्वेला आणि टेम्स नदीच्या उत्तरेला असलेल्या विभागातल्या रस्त्यांचे आकडे १ ने सुरू होतात, म्हणून ए१२ आणि ए१२०. इथल्या माणसाला आकडा ऐकूनच रस्ता साधारण कुठे असेल ते कळते. त्यावर दुसरा आकडा लावायची गरज कुणाला वाटली नाही.

शेजारच्या आयर्लंडने मात्र २००७ पासून आपल्या रस्त्यांवर ई क्रमांक लावायला सुरुवात केली. म्हणजे बेटावरच्या देशाला हे जमत नाही असे नाही. माझे मत विचाराल तर निदान बंदरांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ब्रिटननेही ते लावायला हवे होते. बोटीतून उतरणाऱ्या परक्या चालकाला ओळखीचा एक आकडा दिसला, तर नव्या देशातली पहिली दहा मिनिटे सोपी जातात.

७. जेमतेम ३० किलोमीटरच्या रस्त्याला आंतरराष्ट्रीय क्रमांक कशाला?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचाही. उत्तर ई३० मध्ये आहे.

ई३० हा या जाळ्यातल्या सर्वांत लांब मार्गांपैकी एक. आयर्लंडमधल्या कॉर्कपासून निघतो, रॉसलेअरला समुद्रापाशी येतो, पलीकडे वेल्समधल्या फिशगार्डला पुन्हा सुरू होतो, कार्डिफ, ब्रिस्टल, लंडन, कोलचेस्टर, इप्सविच करत फेलिक्स्टो बंदराला पोहोचतो. तिथे परत समुद्र. पलीकडे हूक ऑफ हॉलंड, मग उत्रेख्त, हॅनोव्हर, बर्लिन, पोझनान, वॉर्सा, मिन्स्क, मॉस्को, आणि शेवटी सायबेरियातले ओम्स्क. करारातल्या यादीत जिथे समुद्र आडवा येतो तिथे दोन गावांच्या नावांमध्ये टिंबे दिलेली असतात. कागदावर फेलिक्स्टो आणि हूक ऑफ हॉलंड यांच्यामध्ये अशी टिंबे आहेत.

अडचण अशी की त्या टिंबांवरून सामान्य प्रवाशाला जाता येत नाही. फेलिक्स्टो हे ब्रिटनचे सर्वांत मोठे कंटेनर बंदर आहे, पण तिथून प्रवासी फेरी आता सुटत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात ती बंद झाली. हूक ऑफ हॉलंडला जाणारे प्रवासी जहाज सुटते हार्विचहून. म्हणजे मोटार घेऊन ई३० ने लंडनहून बर्लिनला निघालेल्या माणसाला कोलचेस्टरपाशी ई३० सोडावा लागतो, ई३२ ने हार्विच गाठावे लागते, समुद्र ओलांडावा लागतो आणि हूकला उतरल्यावर परत ई३० लागतो. हा मोठा मार्ग इथे सांधला जातो तो या बिनपाटीच्या तुकड्याने.

याला इतिहासही आहे. १९५० च्या जुन्या क्रमांकपद्धतीत लंडन–हार्विच–हूक ऑफ हॉलंड–बर्लिन–वॉर्सा हा सलग मार्ग ई८ म्हणून ओळखला जायचा. हार्विच तेव्हा मुख्य मार्गावर होते. नव्या पद्धतीत मुख्य आकडा फेलिक्स्टोकडे गेला आणि हार्विचच्या वाट्याला जोडरस्त्याचा आकडा आला. प्रवाशांनी मात्र आपली वाट बदलली नाही.

म्हणून लांबीवरून या रस्त्याची किंमत करू नये. गावापासून धक्क्यापर्यंतचा रस्ता, धक्क्यावरचे जहाज आणि पलीकडचा रस्ता हा एकच प्रवास आहे, हे या क्रमांकात मान्य केलेले आहे.

८. ए१२० आणि ई३२ एकच समजायचे का?

नाही. ए१२० बराच लांब आहे. तो पश्चिमेला हर्टफर्डशरमध्ये पकरिजजवळ ए१० पासून सुरू होतो, स्टॅनस्टेड विमानतळ आणि ब्रेनट्रीवरून मार्क्स टे इथे ए१२ ला मिळतो. तिथून काही मैल ए१२ आणि ए१२० एकाच डांबरावरून जातात आणि क्राउन इंटरचेंजला ए१२० परत वेगळा होतो. ई३२ म्हणजे या वेगळ्या झालेल्या पूर्वेकडच्या भागापुरताच.

स्टॅनस्टेडकडून येणाऱ्यांना म्हणूनच मध्येच ए१२० ‘हरवल्यासारखा’ वाटतो. मार्क्स टे ला ए१२ वर इप्सविचच्या दिशेने जा आणि २९ व्या जंक्शनला बाहेर पडा. ब्रेनट्री ते मार्क्स टे हा पट्टा एकेरी मार्गिकेचा आहे आणि सकाळ-संध्याकाळ तिथे वाहतूक तुंबते. बोट पकडायची असेल तर त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

९. ई३२ नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो?

करारात फक्त ‘कोलचेस्टर – हार्विच’ एवढेच लिहिले आहे, चौक किंवा जंक्शन दिलेले नाही. व्यवहारात क्राउन इंटरचेंजला ई३० सुटतो तिथून पुढे ई३२ धरतात. दुसऱ्या टोकाला मात्र नीट लक्ष द्या, कारण हार्विच नावाने दोन वेगळ्या जागा ओळखल्या जातात.

फेरी सुटते ती हार्विच इंटरनॅशनल बंदरातून. ते पार्कस्टनला, स्टूर नदीच्या मुखाजवळ, गावाच्या अलीकडे आहे. ग्रेट ईस्टर्न रेल्वेने १८८३ मध्ये ते उभारले आणि आपल्या अध्यक्षांच्या, पार्क्स यांच्या नावावरून त्याला ‘पार्कस्टन की’ (इंग्रजीत ‘की’ म्हणजे धक्का) असे नाव दिले. जुनी माणसे अजूनही तेच नाव घेतात. जुने हार्विच गाव आणखी पुढे, भूशिराच्या टोकाला आहे. रेल्वेची स्थानकेही वेगळी आहेत: बंदराला लागून हार्विच इंटरनॅशनल, मग डोव्हरकोर्ट, मग हार्विच टाउन. जीपीएसमध्ये नुसते ‘हार्विच’ टाकू नका, बंदराचे पूर्ण नाव टाका.

१०. फेरीला किती वेळ लागतो? रोज असते का?

हार्विच–हूक मार्गावर स्टेना लाइनची जहाजे चालतात. एरवी रोज सकाळी एक आणि रात्री एक सुटते. दिवसाचा प्रवास साधारण सात तासांचा, रात्रीचा त्याहून थोडा अधिक. रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावी लागते. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलते, म्हणून तिकिटावरची वेळच खरी माना. नेदरलँड्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते आणि तिकिटावर पोहोचण्याची वेळ तिथली असते.

‘स्टेना हॉलंडिका’ आणि ‘स्टेना ब्रिटानिका’ ही या मार्गावरची जोडी २०१० मध्ये आली. प्रत्येकाची लांबी २४० मीटर. लहान मुले बरोबर असतील तर डोव्हरच्या छोट्या फेरीपेक्षा ही रात्रीची फेरी मला अधिक सोयीची वाटते. मुले झोपतात, चालकालाही झोप मिळते आणि सकाळी ताजेतवाने होऊन गाडी बाहेर काढता येते. समुद्र खवळलेला असेल तर हे गणित बदलते, तेव्हा उलटीची गोळी जवळ ठेवा.

११. आम्ही भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहतो. हार्विचला काय तपासतात?

सर्वसाधारणपणे नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. ब्रिटनमधला राहण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. फेरी कंपनी चेक-इनलाच पासपोर्ट आणि व्हिसा पाहते. व्हिसा नसेल तर बोटीवर घेत नाहीत.

डोव्हरला गेलेल्यांना इथे एक फरक जाणवतो. डोव्हरला फ्रान्सची सीमातपासणी इंग्लंडच्या भूमीवरच होते. हार्विचला तसे नाही, शेंगेनमधल्या प्रवेशाची तपासणी हूकला उतरल्यावर होते. तिथे रांग लागू शकते, म्हणून उतरल्यानंतर लगेचची कुठलीही वेळ कुणाला देऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, तिच्यात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो.

परतीच्या वाटेवर ब्रिटनची तपासणी हार्विचला होते. मधल्या काळात नवा पासपोर्ट काढला असेल तर तो आपल्या ई-व्हिसाच्या खात्यात आधीच नोंदवून ठेवा. हे अनेकांचे राहून जाते.

१२. गाडीची कागदपत्रे कोणती?

परवाना, विमा, गाडीच्या नोंदणीचे कागद. विमा परदेशात किती संरक्षण देतो ते कंपनीला विचारून घ्या, नुसते ‘युरोप कव्हर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. सप्टेंबर २०२१ पासून गाडीवर ‘यूके’ हे ओळखचिन्ह लागते, जुने ‘जीबी’ चालत नाही. गाडी भाड्याची किंवा लीजवर असेल तर मालक कंपनीची लेखी परवानगी आणि व्हीई१०३ प्रमाणपत्र लागते. ते ऐनवेळी मिळत नाही. हेडलाइटचा झोत डावीकडच्या वाहतुकीसाठी बेतलेला असतो, तोही बदलून घ्यावा लागतो.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते. ही सवलत ब्रिटनपुरती आहे. नेदरलँड्ससाठी आणि विम्यासाठी वेगळी चौकशी करा.

१३. गाडी नसेल तर हा प्रवास करता येतो का?

येतो, आणि छान होतो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून मॅनिंगट्रीवरून हार्विच इंटरनॅशनलला रेल्वेने जाता येते. स्थानक टर्मिनलला लागूनच आहे. पलीकडे हूकलाही बंदराशेजारीच स्थानक आहे आणि २०१९ पासून तिथे रॉटरडॅमची मेट्रो येते.

सायकल घेऊनही जाता येते. पण ए१२० वर सायकल चालवू नका. मोठे ट्रेलर आणि एकेरी मार्गिका, तिथे सायकलस्वाराला जागाच नाही. कोलचेस्टर आणि हार्विचकडे जाणारा राष्ट्रीय सायकल मार्ग ५१ शांत रस्त्यांवरून जातो, तो धरा.

१४. हार्विचच्या धक्क्यावरून फेलिक्स्टोच्या क्रेन समोरच दिसतात. मग ई३० वरून ई३२ वर यायला एवढा वळसा का?

मध्ये स्टूर आणि ऑरवेल या दोन नद्यांची रुंद मुखे आहेत आणि पूल नाही. मोटारीने जायचे तर फेलिक्स्टोहून ए१४ ने इप्सविच, तिथून ए१२ ने खाली क्राउन इंटरचेंज आणि मग ए१२०, असा साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा पडतो. उन्हाळ्यात हार्विच, शॉटली आणि फेलिक्स्टो यांच्यामध्ये माणसे व सायकली नेणारी छोटी होडी चालते. मोटार तिच्यात जात नाही.

१५. इप्सविचकडून येताना जीपीएस ए१३७ ने मॅनिंगट्रीवरून नेते. जावे का?

अंतर कमी दिसते म्हणून ते तसे सुचवते. मॅनिंगट्री स्थानकापाशी रेल्वेचे फाटक आहे आणि शेजारी कमी उंचीचा बोगदेवजा रस्ता आहे. टपावर सामानाची पेटी, सायकली किंवा व्हॅन असेल तर तो रस्ता टाळा. फाटक पडले की थांबावेच लागते. बोटीची वेळ ठरलेली असेल तर ए१२ आणि ए१२० हाच क्रम ठेवा.

१६. हूकला उतरल्यावर ई३२ पुढे कुठे जातो?

पुढे जात नाही, तो हार्विचलाच संपतो. हूक ऑफ हॉलंडला दोन वेगळे मार्ग सुरू होतात. ई३० हेगच्या बाजूने उत्रेख्त आणि जर्मनीकडे नेतो. ई२५ रॉटरडॅम, आइंडहोव्हन, मास्ट्रिख्तवरून बेल्जियम आणि पुढे स्वित्झर्लंड-इटलीकडे जातो. इथे पाट्या आहेत, ई क्रमांक डोळ्यांना दिसतात. पण तिथेही देशांतर्गत क्रमांक, ए२०, ए१२ वगैरे, सोबत असतात. आणि हा ए१२ डच आहे, इंग्लंडमधला नाही. एकाच प्रवासात दोन्ही ए१२ लागल्यामुळे सोबतच्या माणसाला दिशा सांगताना गडबड होते, म्हणून शहराचे नाव घेऊन सांगा. गाडी उजवीकडून चालवायची, हे बोटीतून उतरण्याआधीच एकमेकांना मोठ्याने सांगून घ्या.

१७. जुन्या नकाशात हार्विचहून डेन्मार्कला रेघ दिसते. ती फेरी आहे का?

एस्ब्येर्गची फेरी सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाली. डेन्मार्कला जायचे तर आता हूकहून जर्मनीमार्गे रस्त्यानेच जावे लागते.

१८. ई३२ वर गाडी बंद पडली तर मदत मागताना हाच क्रमांक सांगितला तर चालेल का?

अजिबात सांगू नका. फोनवरच्या माणसाला तो कळेलच असे नाही, आणि अशा वेळी मिनिटे मोलाची असतात. ‘ए१२०, हार्विचच्या दिशेने, अमुक गोल चौक ओलांडून’ असे सांगा. येताना हेअर ग्रीन, हॉर्सली क्रॉस, विक्स, रॅम्झी ही नावे मनात धरत या, ती उपयोगी पडतात. जीव धोक्यात असेल तर ९९९ किंवा ११२. रस्त्यावर अडथळा असेल तर हा रस्ता सांभाळणाऱ्या नॅशनल हायवेजला कळवता येते. एकेरी मार्गिकेच्या भागात गाडीत बसून राहू नका, सुरक्षित असेल तर डाव्या बाजूने उतरून रस्त्यापासून दूर उभे राहा.

विम्याचे कागद, व्हिसाच्या अर्जातला प्रवासाचा तपशील, अपघाताचा जबाब, इथेही ए१२० च लिहा.

१९. बोटीला चार-पाच तास आहेत. हार्विचमध्ये पाहण्यासारखे काही आहे का?

आहे. जुने गाव चालत पाहण्याइतके आहे. १६२० मध्ये अमेरिकेला गेलेल्या ‘मेफ्लॉवर’चा कप्तान ख्रिस्तोफर जोन्स इथलाच, त्याचे घर आजही दाखवतात. १८१८ ची दोन दीपगृहे आहेत. १९११ चे इलेक्ट्रिक पॅलेस हे चित्रपटगृह आहे.

पण एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर धक्क्यावरचे मुलांचे शिल्प पाहा. २ डिसेंबर १९३८ ला नाझी जर्मनीतून सुटका झालेल्या ज्यू मुलांची पहिली तुकडी हूक ऑफ हॉलंडहून जहाजाने याच हार्विचला पोहोचली. जवळपास २०० मुले होती, आईवडील बरोबर नव्हते. अनेकांची पहिली सोय डोव्हरकोर्टच्या सुटीच्या छावणीत झाली, ऐन हिवाळ्यात. पुढच्या महिन्यांत आणखी हजारो मुले आली, त्यांतली बरीचशी याच बंदरातून. हे शिल्प २०२२ मध्ये उभारले. आपण ज्या समुद्रवाटेने सुटीला जातो ती कुणासाठी काय होती हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

कोलचेस्टरलाही थांबता येईल. रोमनांनी ब्रिटनमध्ये वसवलेले ते पहिले मोठे शहर. इ. स. ६० च्या सुमारास रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका राणीने ते जाळले. गंमत म्हणजे आधुनिक काळात त्याला अधिकृत ‘सिटी’ दर्जा मिळाला तो थेट २०२२ मध्ये. म्हणून जुन्या माहितीत ई३२ हा एका ‘टाउन’पासून सुरू होणारा मार्ग म्हणून दिसतो.

२०. ब्रिटनमध्ये असे आणखी बिनपाटीचे मार्ग बंदरांकडे जातात का?

हो, बरेच. ई१५ इन्व्हरनेसपासून एडिंबरा, लंडन करत डोव्हरला येतो आणि पलीकडे कॅलेहून स्पेनपर्यंत जातो. ई०५ ग्लासगोवरून साउथहॅम्प्टनला येतो. ई१८ उत्तर आयर्लंडमधल्या लार्नपाशी समुद्रावर थांबतो आणि स्ट्रॅनरारला पुन्हा सुरू होतो, न्यूकॅसलनंतर परत समुद्र आणि मग नॉर्वे. यांतल्या काही टिंबांवर आज प्रवासी जहाज नाही, तेव्हा नकाशावरच्या रेघेवर विसंबून प्रवास आखू नका. आधी फेरी आहे का ते पाहा, मग रस्ता. फेलिक्स्टोचे उदाहरण प्रश्न ७ मध्ये आलेच आहे.

२१. आपल्या महाराष्ट्रातून असा आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा रस्ता जातो का?

जातो, आणि रोज त्यावरून जाणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसते. आशियाई महामार्गांचे जाळे हे संयुक्त राष्ट्रांच्याच आशियासाठीच्या आयोगाचे. त्याचा करार २००५ मध्ये अमलात आला. ग्वाल्हेरहून धुळे, नाशिक, ठाणे आणि पुढे बेंगळुरूकडे जाणारा एएच४७, हझिराहून धुळे-नागपूरमार्गे कोलकात्याच्या बाजूला जाणारा एएच४६, आणि आग्र्याहून नागपूर, हैदराबादवरून दक्षिणेला उतरणारा एएच४३. जुना मुंबई-आग्रा रस्ता म्हटले की धुळ्याच्या माणसाला लगेच समजते, एएच४७ म्हटले तर समजणार नाही. तोंडी राहतो तो घरचाच क्रमांक, एसेक्समध्येही आणि खानदेशातही.

यांतला एएच४३ ई३२ शी सर्वांत जवळचा. तो धनुष्कोडीपर्यंत येतो आणि पलीकडे श्रीलंकेत तलैमन्नारला पुन्हा सुरू होतो. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. रामेश्वरम–तलैमन्नार बोट त्यानंतरही काही वर्षे चालली, मग श्रीलंकेतल्या युद्धाच्या काळात १९८० च्या दशकात तीही थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिणम ते कंकेसंतुरै अशी प्रवासी फेरी सुरू झाली, पण ती वेगळ्या बंदरांमधली आणि फक्त माणसांसाठी. नागपूरहून मोटार घेऊन कोलंबोला जाता येईल का, असे विचारणाऱ्यांना आज नाही असेच सांगावे लागते.